गिऱ्हाइकाची गाडी

माझ्या वडिलांना गाडी सुरू करायला किल्ली लागत नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षं मोटारसायकलींच्या वायरिंगमध्ये डोकं घातलं, त्याच्यापासून किल्ली लपवून काय उपयोग? तरी आम्ही लपवली. आईने ती पिठाच्या डब्यात खोचली, तर बाबांनी हेडलाइटमागच्या दोन वायरी सोलून जोडल्या आणि निघून गेले. मी प्लग काढून खिशात ठेवला, तर दुकानाच्या कपाटातला दुसरा बसवून गेले. कोणत्या गाडीला कोणता प्लग लागतो हे त्यांना झोपेतही सांगता यायचं, मात्र आपण आज जेवलो की नाही हे सांगता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, या आजारात असंच असतं. त्यांचं काय जातं म्हणायला!

आमचं घर म्हणजे पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या. गाड्यांची इलेक्ट्रिकची कामं करतो. आधी बाबा करायचे आणि मी त्यांच्या हाताखाली, मग दोघं बरोबरीने, आणि गेली दोन वर्षं मी एकटीच. लग्न मी केलं नाही. 'झालं नाही' असं आई म्हणते, आणि त्यावरून आमचं महिन्यातून एकदा तरी वाजतं. माझा स्वभाव तापट आहे, जिभेला हाड नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. बाबा याच्या उलट. गिऱ्हाईक कितीही डोक्यात गेलं तरी ते मान खाली घालून वायर सोलत राहायचे.

पहिल्यांदा ते गेले तेव्हा पेट्रोल संपून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला थांबले होते. एका पंपावरच्या माणसाने गाडीच्या मडगार्डवरचा आमच्या दुकानाचा स्टिकर बघून फोन केला. दुसऱ्यांदा त्यांनी सिग्नल तोडला. शाळेतून घरी चाललेली एक मुलगी थोडक्यात वाचली, तिचा डबा चाकाखाली गेला. दुसऱ्या दिवशी तिची आई दुकानात आली, तो चेपलेला डबा माझ्यासमोर काउंटरवर ठेवला आणि निघून गेली. भांडायला मी कधी कमी पडत नाही, पण त्या दिवशी भांडणार कोणत्या तोंडाने?

परगावी असलेला माझा भाऊ फोनवर म्हणाला, "विकून टाक ना गाडी. एवढा काय विचार करतेस?"

दादाला लांबून सगळंच सोपं दिसतं. आम्ही विकली नाही, पण चार दिवस मावशीकडे नेऊन ठेवून पाहिली. पहिल्या दिवशी बाबा दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी शोधायला निघाले, तर आईने दारातून परत आणलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा निघाले, आणि संध्याकाळी समोरचे टेलरकाका त्यांना हाताला धरून घेऊन आले तेव्हा त्यांचे पाय सुजून चपलेच्या पट्ट्याबाहेर आले होते. दिवसभर दिसेल त्याला विचारत होते म्हणे, "माझी गाडी पाहिलीत का?" चौथ्या दिवशी जेवणाच्या ताटाकडे पाठ करून झोपले. मी मावशीकडे जाऊन गाडी परत आणली.

ती दिसल्याबरोबर बाबा उठले, जुनं फडकं घेतलं आणि टाकी पुसायला बसले. तेव्हा मला पुरतं कळलं. आईचं नाव त्यांच्या ओठांवर यायचं आणि अडकायचं. मला कधीकधी आत्याच्या नावाने हाक मारायचे. दादाचा फोटो दाखवला तर नुसते हसायचे. पण 'ही गाडी कुणाची?' म्हटलं की उत्तर तयार असायचं, "माझी." एवढ्या मोठ्या जगात त्यांना स्वतःची म्हणून ओळखता येणारी ती एकच वस्तू उरली होती. ती काढून घेणं मला जमणार नव्हतं, आणि त्यांना चालवू देणंही शक्य नव्हतं.

म्हणून मी अलार्म बसवायचा ठरवला. लोक चोरासाठी बसवतात, मी बापासाठी. गाडी डोळ्यांसमोर उभी राहील, ते ती पुसतील, बाजूला बसतील. पण वर बसून हलवली की भोंगा वाजेल आणि इंजिनाचा करंट तुटेल. वायरी जोडून ते तोही चालू करतील, हे मला माहीत होतं, पण भोंगा वाजला की मी धावत पोचेनच. हिशोब बरोबर होता. निदान मला तसं वाटलं होतं.

रविवारी दुकान बंद ठेवून गाडी आत घेतली. सीट काढली, दोन्ही साइड कव्हरं काढली, टाकी उतरवून कोपऱ्यात पोत्यावर ठेवली. अलार्मचा डबा हातात घेऊन लाल वायर बॅटरीकडे कुठून न्यावी हे बघत होते, एवढ्यात बाबा मागच्या दारातून आले.

"कुणाची गाडी?" त्यांनी विचारलं.

टाकी आणि सीट उतरवली की सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात, नुसता सांगाडा. त्यांनी ओळखली नव्हती. 'तुमचीच, बाबा, आणि तुम्हाला अडवायला हे बसवते आहे' असं म्हणायला जी छाती लागते, ती माझ्याकडे नव्हती. एरवी जगाला फाडफाड बोलणारी मी खाली मान घालून म्हणाले, "गिऱ्हाइकाची."

"काय बसवतेस? अलार्म? चोरीला गेली होती का?"

"नाही. त्यांच्या घरात एक वयस्कर गृहस्थ आहेत. विसरतात सगळं, आणि गाडी काढून जातात कुठेतरी."

बाबांनी च्च केलं. "अरेरे. करायचा काय तो माणूस?"

"आपलंच काम करायचे. मिस्त्री होते."

"मग डबा तिथे नको बसवूस!" बाबा एकदम वाकून बघायला लागले. "मिस्त्रीचा हात पहिला सीटखालीच जाणार. टाकीखाली बांध, फ्रेमला. भोंगा हेडलाइटच्या आत टाक. टाकी उतरवायला त्याला वेळ लागेल, तेवढ्यात घरचे येतील धावत."

त्यांनी माझ्या हातातली वायर घेतली, जोड पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "नुसता पीळ देऊन टेप गुंडाळतेस? हे कुणी शिकवलं तुला?"

"तुम्ही नाही."

"मी नाहीच," ते म्हणाले आणि सोल्डरिंगची बंदूक मागितली.

घास तोंडाशी नेताना थरथरणारा त्यांचा हात बंदूक धरल्यावर जरासुद्धा हलला नाही. काळी वायर अर्थिंगला, दोन वायरी इंडिकेटरना, एक इंजिनाच्या करंटला. मी टॉर्च धरला होता. लहानपणी धरायचे तसाच, आणि तेव्हासारखीच बोलणीही खात होते, "उजेड इकडे दे, माझ्या डोळ्यांत नको." दोन वर्षांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. आपण काय करतो आहोत हे विसरून मी हसत होते.

टाकी आणि कव्हरं चढवायच्या आधी, गाडी हलली हे ओळखणारा सेन्सर जुळवून घ्यायचा होता. त्याला एक बारीक स्क्रू असतो. जास्त फिरवला तर मांजराने उडी मारली तरी भोंगा वाजतो, कमी फिरवला तर हत्ती बसला तरी वाजत नाही. त्यासाठी कुणीतरी बसून गाडी हलवावी लागते. मी सीट ठेवली आणि म्हटलं, "बाबा, बसता का जरा?" ते बसले, त्यांच्या सवयीप्रमाणे आधी डावीकडे झुकून मग सरळ झाले. मी स्क्रू फिरवत राहिले. चौथ्या वेळी भोंगा असा कोकलला की आई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन धावत आली.

"झकास!" बाबा कानांवर हात ठेवून म्हणाले. "आता मांजराला ओरडणार नाही, परक्या माणसाला सोडणार नाही. आणि मालकाला त्रास नाही, त्याच्या खिशात रिमोट."

मग ते दमले आणि आत जाऊन झोपले. उठल्यावर त्यांना यातलं काही आठवलं नाही, असं मी धरून चालले.

सुरुवातीचे दिवस त्या भोंग्याने आम्हाला नाकी नऊ आणले. ट्रक गेला की भोंगा, दुकानाचं शटर जोरात ओढलं की भोंगा. एक रिमोट माझ्या गळ्यात असायचा आणि दुसरा आईकडे. आई त्याचं नेमकं नको ते बटण दाबायची आणि भाजी चिरता चिरता रस्त्यावर बोंबाबोंब सुरू व्हायची. टेलरकाका म्हणायचे, "तुमची गाडी सर्दीने बेजार आहे, डॉक्टरला दाखवा." मी स्क्रू अजून जरा मागे घेतला, तेव्हा कुठे गल्ली शांत झाली. बाबा रोज सकाळी फडकं घेऊन हलक्या हाताने गाडी पुसत, आणि ती एक अक्षर काढत नसे. महिना असाच बरा गेला. रात्री मी आईला म्हणाले सुद्धा, की बघ, जमलं.

मग एका मंगळवारी सकाळी दहा-साडेदहाला बाबा गाडीवर बसले.

मी आत बॅटरीत पाणी भरत होते, हातांवर ॲसिड होतं. भोंगा वाजला. गळ्यातला रिमोट तसाच धरला तर ॲसिड लागणार, म्हणून आधी हात धुवायला धावले. एक मिनिट गेलं असेल, फार तर दीड. तेवढ्यात बाहेर माणसं जमली होती. इंडिकेटर लुकलुकत होते, भोंगा किंचाळत होता, आणि हेल्मेट घातलेल्या एका वाटसरूने बाबांच्या शर्टाची कॉलर धरली होती.

"लाज नाही वाटत? या वयात चोऱ्या करतोस?"

मी त्या माणसाला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. "मालक आहेत ते गाडीचे! सोड आधी! कुणाला हात लावतोस?" तो बिचारा भल्यासाठीच मध्ये पडला होता, घाबरून दोनदा माफी मागून निघून गेला. लोक पांगले. मी बटण दाबलं आणि सगळं शांत झालं.

बाबा अजून गाडीजवळच उभे होते. त्यांनी कॉलर नीट केली, गाडीकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकले.

"चूक झाली," ते म्हणाले. "मला वाटलं, माझी आहे."

"तुमचीच आहे, बाबा."

"नाही. गिऱ्हाइकाची आहे. तूच तर म्हणालीस."

दुपारचं जेवण तिसऱ्या प्रहरी विसरणाऱ्या माणसाच्या मनात महिन्यापूर्वीचं माझं ते एक वाक्य जसंच्या तसं राहिलं होतं. "मी खोटं बोलले हो. तुमचीच आहे ही, शपथ घेऊन सांगते," मी म्हणाले.

"मग ती माझ्यावर ओरडली कशी?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

ते बरोबरच विचारत होते. एका मिस्त्रीने दुसऱ्या मिस्त्रीला विचारावं तसं विचारत होते.

त्या दिवसापासून बाबांनी गाडीला हात लावला नाही. फडकं खुंटीवर वाळून ताठ झालं. ते समोर टेलरकाकांच्या ओट्यावर जाऊन बसायचे आणि गाडीकडे चुकून नजर गेली तर दुसरीकडे बघायचे. दादा फोनवर खूश झाला, "बघ, सुटला ना प्रश्न?" मी फोन आपटला. प्रश्न सुटला होता खरा. आता ते कुणाला चिरडणार नव्हते, कुठे हरवणारही नव्हते. मला हेच तर हवं होतं, आणि आता ते मिळालं होतं तर परत द्यावंसं वाटत होतं.

कारण ते गाडीपुरतं थांबलं नाही. दोन आठवड्यांत बाबा चपला दाराबाहेर, अगदी कडेला काढायला लागले. खुर्चीवर बसायच्या आधी "बसू का?" विचारायचे. पाणी पिऊन झालं की भांडं स्वतः आत नेऊन ठेवायचे आणि "कशाला त्रास घेता" म्हणायचे. गाडी आपली नाही म्हटल्यावर ती जिथे उभी आहे ते दुकान तरी आपलं कसं, आणि दुकान नाही तर घर तरी कसं? डॉक्टर म्हणाले, आजार पुढे सरकतो आहे, त्याचा अलार्मशी संबंध नाही. असेलही. पण मंगळवारच्या आधी ते या घरचे होते आणि नंतर पाहुणे झाले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

एका दुपारी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि आईला म्हणाले, "वहिनी, थोडं पाणी मिळेल का?"

आईने पाणी दिलं. ते प्यायले, भांडं ठेवलं, निघून गेले. मग आई ओट्याला टेकून खाली बसली. आमचा बेचाळीस वर्षांचा संसार गं, एवढंच पुटपुटत राहिली. मी जवळ गेले तर माझा हात झटकून म्हणाली, "तुझ्या त्या भोंग्यापायी माझा माणूस परका झाला."

पुढच्या रविवारी मी गाडी आत घेतली आणि अलार्म उपसून काढायला बसले. मुद्दाम बाबांना बोलावून शेजारी स्टुलावर बसवलं. टाकी उतरवली, डबा काढला, भोंगा काढला. "बघा, काढला. आता ही कधी ओरडणार नाही. हा स्क्रूड्रायव्हर धरा, बाबा, हेडलाइट तुम्ही बसवा."

त्यांनी हात मागे घेतले. "मालकाला विचारलंत का?"

"मालक तुम्हीच आहात!" मी ओरडले. "किती वेळा सांगू? तुम्ही, तुम्ही, तुम्ही!"

ते स्टुलावर अंग चोरून बसले. मंगळवारी त्या हेल्मेटवाल्यापुढे उभे होते तसेच. माझ्या अंगातला सगळा संताप एका क्षणात गळून गेला आणि मला माझीच किळस आली. मी उठले, आतल्या कपाटातून गाडीचे कागद आणले आणि त्यांच्या मांडीवर ठेवले. म्हटलं, स्वतःच्या डोळ्यांनी वाचतील तर पटेल.

बाबांनी चष्मा लावला. घड्या एकेक करून उलगडल्या. बोट ठेवत ठेवत त्यांनी मालकाच्या रकान्यातलं नाव मोठ्याने वाचलं. आपलं नाव, आपल्या वडिलांचं नाव, आडनाव. एकही अक्षर चुकलं नाही. खालचा पत्ताही वाचला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"भला माणूस दिसतो," ते म्हणाले. "इतक्या वर्षांचे कागद, पण बघा, कुठे फाटलेलं नाही." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही त्यांच्या कोण?"

"मुलगी," मी म्हणाले.

"मग माझं एक काम करा. त्यांना सांगा, मी चोर नाही. चुकून बसलो गाडीवर. लोकांनी भलतंच धरलं. मी कुणाच्या सुईलाही हात लावलेला नाही कधी."

"सांगते."

"आत असतील ना? आत्ताच सांगा. मी थांबतो."

काय करणार! मी आत गेले. मधल्या खोलीत कुणी नव्हतं. बाबांची कॉट, खुंटीवर त्यांचा शर्ट. एवढं सांगायला जितका वेळ लागला असता तितका वेळ मी त्या कॉटसमोर उभी राहिले आणि बाहेर आले. बाबा स्टुलावरून उठून उभे होते, हातात कागद धरून.

"सांगितलं," मी म्हणाले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुमची काही चूक नाही. चूक त्यांच्या मुलीची आहे. तिने हा अलार्म बसवला आणि खोटं बोलली."

बाबांनी कागदांच्या घड्या जशा होत्या तशा घातल्या आणि माझ्या हातात दिल्या.

"तिला रागावू नका म्हणावं," ते म्हणाले. "बापाच्या काळजीनेच बसवला असेल हो तिने. जा, एवढं सांगून या त्यांना."

मी परत आत गेले. या वेळी मला बाहेर यायला फार वेळ लागला.